टँकरचं पाणी आणि अँटी-क्लोरीनचे चार थेंब

घरी फिश टँक आहे असं कळलं की पुण्यातला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "किती दिवस टिकले मासे?" आणि दुसरा, "नळाचं पाणी थेट ओततोस का रे?" पहिल्या प्रश्नातला खवचटपणा आपण सोडून देऊ (गावाचा गुण आहे, इलाज नाही). दुसरा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. फक्त त्याचं उत्तर म्हणून जे सगळीकडे सांगितलं जातं, ते पुण्यापुरतं तरी अर्धवट आहे असं माझं मत आहे. आजचा लेख त्यावरच.

या बाबतीत आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक बादलीवाल्यांचा: आदल्या रात्री पाणी भरून ठेवा, चोवीस तासांनी वापरा, बाकी काही लागत नाही. दुसरा बाटलीवाल्यांचा. फिश टँकच्या दुकानात गेलात की काउंटरवरून दोन बाटल्या पुढे येतात, एक अँटी-क्लोरीनची आणि एक निळ्या औषधाची. "साहेब, चार थेंब टाका, मग डायरेक्ट ओता. काही होत नाही." चार थेंब किती पाण्याला, हे विचारलं तर साहेबांकडे दया आल्यासारखं बघितलं जातं.

दोन्ही पंथांचं भांडण फक्त क्लोरीनवर आहे. आणि गंमत अशी की पुण्यात पाणी बदलताना येणाऱ्या अडचणींमधली क्लोरीन ही सगळ्यात सोपी अडचण. अवघड प्रश्न वेगळाच आहे: आज नळाला नेमकं कोणतं पाणी आलंय?

आधी क्लोरीनचा निकाल लावून टाकू. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे (आयएस १०५००) त्यानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असायला हवा. विषाणूंचा धोका असेल तेव्हा किमान ०.५. म्हणजे तो चुकून राहिलेला नसतो, मुद्दाम ठेवलेला असतो. शुद्धीकरण केंद्रापासून आपल्या नळापर्यंतच्या पाइपात जे काही शिरेल त्याला मारायला. आपण ते पाणी पितो, पोटात गेल्यावर क्लोरीन संपतो, विषय मिटला. मासा मात्र त्याच पाण्यात चोवीस तास श्वास घेतो. त्याचे कल्ले म्हणजे अतिशय पातळ पडदे, आणि क्लोरीन थेट तिथेच जाळतो. त्यामुळे आपल्याला उत्तम असलेलं ०.२ माशाला चालत नाही. यात वाद नाही.

पण उपाय इतका सोपा आणि स्वस्त आहे की त्यावर दोन पंथ का झाले हेच कळत नाही. दुकानातल्या बऱ्याचशा साध्या अँटी-क्लोरीनमध्ये असतं सोडियम थायोसल्फेट. ज्यांच्या घरात कोणी रोलच्या जमान्यातला फोटोग्राफर होता त्यांना हे 'हायपो' म्हणून माहीत असेल. फोटो फिक्स करायला वापरायचे तेच खडे. लॅब केमिकल विकणाऱ्या दुकानात पाव किलो घेतलंत तर तुमच्या माशांच्या दोन-तीन पिढ्या निघतील. हिशोब असा: १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम खडे पुरतात. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली, तर १० लिटरच्या बादलीला १ मिली टाकलं की लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोरीन निकालात निघतो. आपल्या नळाला सहसा त्याहून कमीच असतो. बादली ढवळा, दोन मिनिटं थांबा, झालं. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या आणि 'चार थेंब' हे माप कायमचं विसरा.

बादलीवाल्यांचंही चूक नाही. साधा क्लोरीन उघड्या बादलीतून दिवसभरात बराचसा उडून जातो, एअर पंपाचा दगड सोडला तर काही तासांतच. प्रश्न येतो क्लोरामाइनचा. इंग्रजीतून मासे पाळायला शिकलेल्या आपल्यासारख्या लोकांच्या डोक्यात याची भीती पक्की बसलेली असते, कारण सल्ले सगळे अमेरिकन. तिकडच्या बऱ्याच शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये तसा बदल केला. ते बादलीतून सहजी उडत नाही, आणि थायोसल्फेटने तोडलं तर मागे अमोनिया उरतो. त्यामुळे बे एरियातून परत आलेला आमचा एक मित्र बाणेरच्या फ्लॅटमध्येही तिकडून आणलेली महागडी बाटली पुरवून पुरवून वापरतो. त्याला म्हटलं, अरे, इथे पर्वतीच्या केंद्रात क्लोरीनच वापरतात, तुझी बाटली चुकीच्या शहरासाठी आहे. त्यावर तो म्हणाला, "असू दे, सवय झालीये."

(त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. क्लोरीनचं पाणी आणि अमोनिया असलेलं पाणी एकत्र आलं की क्लोरामाइन आपोआप तयार होतं. सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशनचं पाणी आणि ड्रेनेज झिरपलेल्या बोअरचं पाणी एकत्र होत असेल, तर आपलं घरगुती सॅन फ्रान्सिस्को तयार!)

आता मूळ मुद्दा.

पुण्यात 'नळाचं पाणी' नावाची एक वस्तू नाही. खडकवासल्याचं पाणी आहे, म्हणजे टेमघर, वरसगाव, पानशेत आणि शेवटी १८७९ साली पूर्ण झालेलं खडकवासला, या साखळीतून आलेलं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस, जमिनीत फारसा न मुरता धरणात आलेला. त्यामुळे मऊ पाणी, क्षार कमी. नगर रोडकडच्या भागाला २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी मिळायला लागलं, तेही धरणाचंच. पण त्याशिवाय बोअरचं पाणी आहे. ते बेसाल्टच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं, आणि वस्तीच्या भागात बऱ्याचदा नायट्रेटही घेऊन येतं. आणि मग आहे टँकरचं पाणी, ज्याचा उगम टँकरवाला आणि परमेश्वर या दोघांनाच माहीत.

पेठांमध्ये किंवा कोथरूडच्या जुन्या भागात राहणाऱ्यांना हे कळत नाही. त्यांच्या नळाला खडकवासला येतं आणि त्यांना वाटतं सगळ्यांनाच येतं. वाघोली, उंड्री, पिसोळी, बावधन, सूस या बाजूला विचारा. तिथे तिन्ही पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडतात, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातात आणि तिथून तुमच्या नळाला. प्रमाण रोज वेगळं. मी टीडीएस मीटरने दर रविवारी आकडा घेतो (हो, एक्सेल शीट आहे, हसू नका). कॉर्पोरेशनचं पाणी असलं की आकडा शंभरच्या आत. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले की सहाशेच्या पुढे. नळ तोच, तोटी तीच, मीटर तोच. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज नोट न देता कोणीतरी प्रॉडक्शनमधली लायब्ररी बदलतंय.

याने काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. वाघोलीला राहणाऱ्या माझ्या एका कलीगचे एंजल मासे गेल्या उन्हाळ्यात पाणी बदलल्यावर तीन तासांत गेले. सातच्या सात. ऑफिसमध्ये येऊन म्हणाला, "क्लोरीन. दुप्पट अँटी-क्लोरीन टाकलं होतं तरी." दुप्पट टाकूनही क्लोरीनने मेले, हे काही पटेना. नशिबाने टँकमधून काढलेलं जुनं पाणी त्याच्या आईने झाडांसाठी बादलीत भरून ठेवलं होतं. संध्याकाळी पट्ट्या आणि अमोनियाचं किट घेऊन गेलो. जुन्या पाण्याचा पीएच ६, अमोनिया ४ च्या आसपास. नळाच्या पाण्याचा पीएच ८. क्लोरीन शून्य! टँकरच होता त्या दिवशी, क्लोरीन कुठून येणार?

मग उलगडा झाला. प्रोजेक्टच्या गडबडीत त्याने दीड-दोन महिने पाणी बदललं नव्हतं. टँक भरला होता तो खडकवासल्याच्या मऊ पाण्याने. मऊ पाण्यात आम्ल शोषून घ्यायची ताकद कमी, आणि माशांची घाण कुजताना आम्ल तयार होत राहतं, त्यामुळे पीएच हळूहळू सहावर उतरला. इतक्या आम्ल पाण्यात अमोनिया खाऊन टाकणारे फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. अमोनिया साठत गेला. पण मासे मजेत! कारण पीएच ६ ला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप फारसं विषारी नाही. विषारी भाग २५ अंश तापमानाला पीएच ६ असताना ०.०६ टक्के, ७ असताना अर्धा टक्का, आणि ८ असताना पाच टक्क्यांहून जास्त. पीएच एका घराने वर गेला की विष जवळपास दहापट.

आता या पठ्ठ्याने एका रविवारी अपराधी मनाने तीन चतुर्थांश पाणी बदललं, टँकरच्या पाण्याने. टँकरचं पाणी क्षारांनी भरलेलं, त्यामुळे टँकचा पीएच खेचून आठजवळ नेला. एकूण अमोनिया चौथ्या हिश्शावर आला खरा, पण त्यातला विषारी भाग साधारण वीसपट झाला. शिवाय शंभराच्या पाण्यात राहिलेल्या माशांना अचानक पाच-सहाशेच्या पाण्यात टाकल्याचा धक्का वेगळाच. दुप्पट अँटी-क्लोरीनने यातलं काहीही थांबणार नव्हतं. थायोसल्फेट अमोनियाला हातही लावत नाही.

हा किस्सा काही एकट्या त्याचा नाही. "पाणी बदललं आणि मासे गेले" ही तक्रार पुण्यात मी सर्वात जास्त ऐकतो ती एप्रिल-मेमध्ये, आणि प्रत्येक वेळी आरोपी म्हणून क्लोरीनलाच पकडलं जातं. मग माणूस पाणी बदलायलाच घाबरतो, दोन महिने हात लावत नाही, आणि पुढच्या अपघाताची तयारी पूर्ण होते. दुकानदार नवीन मासे विकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं दुकान सातवर चालतं की आठवर, हे त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं: बाटलीवर खर्च करण्याआधी टीडीएस मीटर आणि पीएचचं किट घ्या. दोन्ही मिळून एका वीकेंडच्या मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त. पाणी बदलण्याआधी नळाचा आकडा बघा, टँकचा आकडा बघा. जवळपास असतील तर हायपो टाका आणि बिनधास्त बदला. खूप फरक असेल तर त्या दिवशी एकच बादली बदला, दोन-तीन दिवसांनी दुसरी. दोन फुटी टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी असतं. दर आठवड्याला दहा-बारा लिटर, म्हणजे एक बादली, एवढं नेमाने केलं तर टँक आणि नळ यांच्यात इतकं अंतर पडतच नाही. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर त्यातले जिवाणू क्लोरीनने मरतात.

दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. सोसायटीची टाकी धुतल्यावर त्यात टीसीएल टाकतात आणि पुढचे एक-दोन दिवस नळाला स्विमिंग पूलचा वास येतो. त्या दोन दिवसांत पाणी बदलायचं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणात गढूळ पाणी आलं की केंद्रावर तुरटी आणि क्लोरीन दोन्हीचा डोस वाढतो, तेव्हाही जरा सांभाळून. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं आणि डिसेंबरच्या सकाळी तेच पाणी बोटं गारठवतं. बादली तासभर घरात ठेवली तर माशांचे हाल वाचतात.

"मग आरओचं पाणी वापरू का?" हा आयटीवाल्यांचा आवडता प्रश्न. नको. आरओने क्लोरीनबरोबर सगळे क्षारही जातात आणि उरतं ते इतकं कोरं पाणी की त्याचा पीएच कुठेही घसरतो. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना तर क्षार हवेच असतात. टँकरचं पाणी फारच जड असेल तर त्यात थोडं आरओ मिसळून जुना आकडा गाठायला हरकत नाही, तेवढाच त्याचा उपयोग. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी 'वाचवायचं' म्हणून टँकमध्ये ओतू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला वापरा.

आता एक गोष्ट, जी माशांपेक्षा मोठी आहे आणि जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

मासे पाळणारे लोक क्लोरीन शून्य आला की खूश होतात. "आमच्याकडे टँकरचं पाणी आहे, काही टाकावं लागत नाही, डायरेक्ट ओततो," हे मी अभिमानाने सांगितलेलं ऐकलंय. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात, गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. थोड्याच आठवड्यांत संशयित आणि खात्रीचे मिळून आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. यातली बरीच गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण पाण्याची पूर्ण व्यवस्था मागाहून येणार होती. तपासणी सुरू झाल्यावर विहिरी, बोअर, टँकर, खासगी आरओ प्लांट सगळ्यांचे नमुने घेतले गेले. अनेक ठिकाणचं पाणी पिण्यालायक नव्हतं आणि काही प्लांट बंद करावे लागले. जारमधून विकत घेतलेलं, चवीला गोड, दिसायला नितळ पाणी. क्लोरीन मोजला तर नाहीच.

तेव्हा नळाच्या पाण्यात ०.२ दिसला तर मला बरं वाटतं. तो काढायला मला एक मिली हायपो आणि दोन मिनिटं लागतात. तो नसेल तर माझ्या बादलीत काही टाकायचं नाही, पण स्वयंपाकघरातल्या पिंपाचं काय? शेजारच्या आजी अजूनही पाणी गाळून तांब्याच्या हंड्यात ठेवतात, त्यांच्या घरी आरओ नाही. त्या पाण्यावर उकळण्याशिवाय दुसरा पहारा नाही आणि उन्हाळ्यात रोज कोण उकळतं?

खेड्यात ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. (ते रसायन फारसं चांगलं नाही, हाताला लागू देऊ नये, आता गुलाबी रंग येणारं डीपीडी किट जास्त बरं.) दोन-तीनशे फ्लॅटच्या, जिम आणि क्लब हाउस असलेल्या आपल्या सोसायट्यांमध्ये हे कोण करतं? टँकर किती आले आणि बिल किती झालं याची नोंद पक्की असते. टँकरमधून काय आलं याची नोंद मला तरी अजून कुठल्या रजिस्टरमध्ये दिसलेली नाही. कमिटीत विषय काढला तर उत्तर ठरलेलं: "सगळ्यांकडे आरओ आहेच की." आणि गच्चीवरच्या टाकीतून जे दात घासायला, भाजी धुवायला, लहान मुलांना अंघोळ घालायला येतं ते?

आमच्याकडे मी हा विषय गेल्या मीटिंगमध्ये मांडला. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या माशांसाठी एवढं कशाला?" मी म्हटलं, काका, माशांसाठी क्लोरीन काढायचा असतो, मी घालायला सांगतोय. जरा शांतता पसरली. मग ठरलं की टँकर रिकामा करायच्या आधी एक नमुना घ्यायचा, क्लोरीन आणि टीडीएस मोजायचा आणि पंप रूममधल्या वहीत लिहायचा. किट माझ्याकडून, मोजायचं काम वॉचमनकाकांचं. त्यांना पाच मिनिटांत जमलं, आमच्या इंजिनिअर मेंबरांपेक्षा लवकर. :-)

वहीत आतापर्यंत अकरा टँकरच्या नोंदी आहेत. त्यातल्या आठ शून्य. टँकरवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "साहेब, पाणी एकदम क्लीन आहे, म्हणून तर औषध टाकत नाही." पुढच्या महिन्यापासून टाकीत टीसीएल मोजून टाकायचं ठरलंय, किती आणि कोणी यावर अजून भांडण चालू आहे. तोवर मी रविवारी पाणी बदलताना बादलीत हायपो टाकत नाही, आणि पिण्याचं पाणी उकळतो.